पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच अंगणात नेली! बोर्डी-कोसबाडच्या ताराबाई मोडक यांची गोष्ट

डहाणू : अंगणवाडी हा शब्द आता सगळ्या देशाला माहीत झाला आहे. राजस्थानात जा नाहीतर तेलंगणात जा, सरकारी पाटीवर हाच शब्द दिसतो. पण तो आला कुठून असं विचारलं तर आपल्याच जिल्ह्यातल्या बऱ्याच जणांना सांगता येत नाही. तो आला आपल्या किनाऱ्यावरच्या बोर्डी गावातून. आणि ज्यांच्या कामातून तो आला त्या ताराबाई मोडक यांना जाऊन आता ५० वर्षं उलटून गेली आहेत.

ताराबाईंना भारताच्या माँटेसरी म्हणतात. स्पर्धा परीक्षेची पोरं तेवढी एक ओळ पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. खरं तर या नावानं ताराबाईंचं निम्मं काम झाकलं जातं. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांनी शिकून घेतली, वर्षानुवर्षं वापरली आणि नंतर आपल्या भागातल्या पोरांसाठी ती पार मोडून नव्यानं बांधली. ही मोडतोड त्यांनी का केली आणि कशी केली, हेच त्यांच्या आयुष्यात बघण्यासारखं आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं. मुलीनं शिकावं यात त्या घराला काही वावगं वाटत नव्हतं. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर बाई म्हणजे अख्ख्या शहरात बोटावर मोजण्याइतक्या. लग्न अमरावतीच्या वकिलाशी झालं, पण ते टिकलं नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी हे पाऊल उचलणं म्हणजे काय, हे गावाकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. त्यानंतर त्या राजकोटला मुलींच्या अध्यापक महाविद्यालयात प्रिन्सिपल झाल्या. पगार चांगला, मान मोठा. कुणीही तिथंच निवृत्त झालं असतं.

पण तिथून जवळच भावनगरला एक माणूस काहीतरी वेगळंच करत होता, त्याची बातमी त्यांच्या कानावर आली.

तो माणूस म्हणजे गिजुभाई बधेका. हेही मूळचे वकील. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि या पोराला कुठल्या शाळेत घालायचं हा घोर लागला. तेव्हाची शाळा म्हणजे छडी, पाठांतर आणि मांडी घालून गप्प बसणं. आपण जे भोगलं ते पोरानं भोगू नये असं त्यांना वाटलं. त्याच शोधात माँटेसरीबाईंचं लिखाण त्यांच्या हाती लागलं. १९१६ मध्ये त्यांनी वकिली सोडली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. १९२० मध्ये तिथं बालमंदिर सुरू केलं. दांडग्या मिशांचा हा माणूस पोरांत इतका रमायचा की गुजरातेत त्यांना मिशीवाली आई असंच नाव पडलं.

१९२३ मध्ये ताराबाई राजकोटची प्रिन्सिपलची खुर्ची सोडून भावनगरला आल्या आणि बालमंदिरात कामाला लागल्या. मोठ्या मुलींना शिकवणाऱ्या कॉलेजची प्रमुख बाई अडीच-तीन वर्षांच्या लेकरांची नाकं पुसायला आली, असं लोकांना वाटलं असणार. त्या काळी लहान पोरांना शिकवायला काय अक्कल लागते, असाच समज होता. आजही तो पूर्ण गेलाय असं नाही.

बालमंदिरात काय चालायचं ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मारिया माँटेसरी या इटलीतल्या डॉक्टर. बुद्धीनं मागं पडलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की या मुलांना बोलून जे कळत नाही ते हातात वस्तू दिली की कळतं. मग ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या एका गरीब वस्तीत त्यांनी साध्या मुलांसाठी बालघर सुरू केलं. तिथं फळा आणि बाक यांच्याऐवजी साधनं होती. लाकडाचे दहा ठोकळे, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे, त्यांचा मनोरा करायचा. लहानमोठ्या दट्ट्या, प्रत्येक आपापल्या भोकातच बसणार, चुकलं तर पोराला स्वतःलाच कळणार. खरखरीत कागदातून कापलेली अक्षरं, त्यावरून बोट फिरवायचं म्हणजे लिहिण्याआधीच हाताला वळण कळतं.

यात खरी गंमत साधनांची नव्हती. पोरगं स्वतः उठून आपल्याला हवं ते साधन घ्यायचं. एक जण अर्धा तास ठोकळेच लावत बसायचा, दुसरी पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसायची. बाईंचं काम मध्ये मध्ये बोलणं नव्हतं. कोण कशात रमतो, कोण कुठं अडतो हे बघायचं आणि त्याप्रमाणे पुढचं साधन त्याच्यापुढं ठेवायचं. सगळ्या वर्गानं एकाच वेळी एकच धडा शिकायचा, ही गोष्टच तिथं नव्हती. ज्याला कान लावून गोष्ट ऐकायची त्याला गोष्ट, ज्याला माती कालवायची त्याला माती.

भावनगरचं बालमंदिर टेकडीवर होतं. ताराबाई तिथं जवळपास नऊ वर्षं राहिल्या. गिजुभाईंच्या जोडीनं त्यांनी काम केलं, पुस्तकं लिहिली, शिक्षणपत्रिका चालवली. ही पत्रिका गुजरातीत निघायची, पुढं मराठीतही निघाली आणि मराठीचा भार ताराबाईंनी उचलला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, त्यातही दोघं होते. गिजुभाईंनी गाणी, लोककथा, नाटकं, नाच हे सगळं बालमंदिरात आणलं होतं. माँटेसरीबाईंच्या मूळ पद्धतीत गोष्टींना एवढी जागा नव्हती. पण सौराष्ट्रातलं पोरगं आजीच्या गोष्टी ऐकत वाढलेलं, त्याच्यापासून गोष्ट काढून घेऊन फक्त ठोकळे कसे देणार? परदेशी पद्धत आपल्या पोराच्या अंगाला येईल अशी कापायची असते, हा पहिला धडा ताराबाईंना तिथं मिळाला.

दादर सुटलं, बोर्डी आली

भावनगरनंतर ताराबाई मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. बालवर्ग आणि त्याच्या जोडीला शिक्षिका तयार करण्याचं अध्यापक मंदिर. काम जोरात चाललं. मध्यमवर्गीय घरातली मुलं येत होती, आईबाप कौतुकानं बघत होते.

मात्र एक टोचणी होतीच. माँटेसरीची साधनं महाग. लाकूड मापात कापलेलं, रंग ठरलेला, एक नग हरवला की अख्खा संच बिघडला. ती शहरातल्या शाळेला परवडायची. गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा माँटेसरीबाईंच्या शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेत गेले होते, आणि हे शिक्षण गरिबांच्या पोरांपर्यंत पोचावं अशी इच्छा त्यांनी तिथंच बोलून दाखवली होती. पुढं १९३९ मध्ये स्वतः माँटेसरीबाई भारतात आल्या, युद्धामुळं इथंच अडकल्या, मद्रासेत त्यांचे वर्ग भरले. शहरातल्या शिकलेल्या लोकांत त्यांचं नाव फार मोठं झालं. खेड्यातलं पोर मात्र जिथल्या तिथंच होतं.

१९४५ मध्ये ताराबाईंनी दादरचा जम बसलेला पसारा दुसऱ्यांच्या हाती दिला आणि बोर्डीला आल्या. वय ५३. आपल्याकडे या वयात माणसं नातवंडं खेळवतात. बोर्डी निवडण्याचं कारणही होतं. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांच्यासारख्या शिक्षकांनी त्या गावात शिक्षणाचं वातावरण आधीच तयार केलं होतं. त्यामुळं पाय टेकायला जागा होती.

त्याच वर्षी ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई १९१० च्या, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. रडत न बसता त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचं शिबिर होतं, तिथं ताराबाईंना खेड्यात काम करायला कुणीतरी हवं होतं. अनुताई तयार झाल्या. एक आली घटस्फोट घेऊन, एक बालविधवा. त्या काळच्या समाजानं दोघींनाही कोपऱ्यात बसवलं असतं. पुढची २८ वर्षं या दोघींनी डहाणू भागात जे उभं केलं ते दोन संसारांच्या मानानं बरंच मोठं भरेल.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. चिकूच्या वाड्यांचं गाव, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घरं. त्या घरांतली मुलं आली. पण ज्यांच्यासाठी दादर सोडलं होतं ती दलित वस्तीतली आणि वारली पाड्यावरची मुलं काही येईनात. कारणं साधी होती. एक तर जात. गावातल्या बालवाडीत आपल्या पोराला कोण विचारणार, ही भीती खोटी नव्हती. दुसरं, आईबाप सकाळीच कामाला जाणार, तीन वर्षांच्या पोराला गावात पोचवायचं कुणी? तिसरं म्हणजे पोरंच घाबरायची. पांढरं लुगडं नेसलेली, पुस्तकी मराठी बोलणारी बाई दिसली की पळ काढायची.

इथं कुणीही दुसऱ्यानं हेच म्हटलं असतं की लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही. हे वाक्य आजही शाळेच्या मीटिंगमध्ये ऐकू येतं. ताराबाई आणि अनुताईंनी दुसरा रस्ता धरला. पोरं येत नाहीत ना, मग आपण जायचं. वस्तीतल्या एखाद्या घरापुढचं अंगण झाडायचं, तिथंच गाणं सुरू करायचं. पहिल्यांदा दोनचार पोरं लांबून बघणार, मग जवळ येणार, मग मांडीवर बसणार. अंगणात भरली म्हणून तिचं नाव अंगणवाडी.

अंगणात शाळा नेल्यानं आणखी एक गोष्ट झाली, जी वर्गात बसून झाली नसती. पोर आपल्या घरापुढं असतं तेव्हा ते धीट असतं. त्याची आई दारातून बघते. म्हातारी बाजूला बसून नातवंडाची चूक काढते. कुठलं पोर घरी काय खातं, कुणाचा बाप पितो, कुणाला रात्री झोप मिळत नाही, हे बाईंना आपोआप कळतं. एखादं पोर शिकत का नाही याचं उत्तर पुष्कळदा पोटात किंवा कानाच्या दुखण्यात असतं. म्हणून आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं, खरूज धुणं हा सगळा अंगणवाडीच्या शिकवण्याचाच भाग होता.

आता साधनांचा प्रश्न. महागाचे ठोकळे इथं आणणं शक्य नव्हतं आणि आणले असते तरी पोरांना ते परके वाटले असते. बोर्डीला समुद्र आहे. शिंपले, शंख, खडे, वाळू फुकट. रानात बिया, पानं, फुलं, बांबू. माती तर पायाखालीच. याच वस्तू ताराबाईंनी साधनं म्हणून घेतल्या. लहान शिंपल्यापासून मोठ्या शिंपल्यापर्यंत रांग लावली की जे काम रोममधले ठोकळे करतात तेच होतं. गुळगुळीत खडा आणि खरखरीत खडा डोळे मिटून ओळखला की बोटांना समज येते. चिंचोके मोजता मोजता पाचात तीन मिळवणं कळतं. ज्या पोराला पाटीवरचं ३ हे चिन्ह डोक्यात शिरत नाही, त्याच्या मुठीत तीन चिंचोके दिले की शिरतं. शेतकऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. अंगठाछाप माणूससुद्धा आवणीला किती मूठ रोप लागेल ते अचूक सांगतो, कारण तो हिशोब त्याच्या हातात असतो.

वारली पोरांची बोली वेगळी. पुस्तकातले शब्द त्यांच्या घरात नाहीत. म्हणून गाणी, गोष्टी, नाच यांना इथं फार महत्त्व आलं. ज्या घरात तारपा वाजतो, लग्नाला भिंतीवर चौक लिहिला जातो, त्या घरातलं पोर ताल आणि रेघ घेऊनच येतं. त्याला अक्षरापासून सुरुवात करायला लावणं म्हणजे त्याला जे येतं ते बाजूला ठेवून जे येत नाही तिथून सुरू करणं. ताराबाईंनी पोरांसाठी स्वतः पुष्कळ गाणी आणि गोष्टी लिहिल्या.

हल्ली शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि खासगी क्लासच्या जाहिरातीत एक गोष्ट सांगतात. काही मुलं डोळ्यांनी शिकणारी, काही कानांनी, काही हातांनी. टेस्ट घ्या, मुलाचा प्रकार ओळखा आणि त्याच पद्धतीनं शिकवा. ऐकायला बरं वाटतं. पण संशोधकांनी हा दावा तपासून पाहिला तेव्हा असे शिक्के मारून शिकवल्यानं मुलं जास्त शिकतात याला भक्कम पुरावा सापडला नाही. ताराबाईंच्या कामात शिक्का कुठंच नव्हता. एकच पोर सकाळी गाण्यात रमतं आणि तासाभरानं चिखलात, हे त्या रोज बघत होत्या. मापून ठेवायची गोष्ट नव्हती ती, रोज बघायची होती. टेस्टला पैसे भरायच्या आधी पालकांनी हा फरक लक्षात घेतलेला बरा.

टेकडीवरचा मुक्काम

बोर्डीत दहा-बारा वर्षं झाली. पण खरी आदिवासी वस्ती किनाऱ्यावर नाही, ती आत डोंगराकडं. म्हणून १९५७ मध्ये सगळं बिऱ्हाड कोसबाडच्या टेकडीवर हललं. आज कृषी विज्ञान केंद्रामुळं शेतकऱ्यांना कोसबाड चांगलं माहीत आहे. तेव्हा गोखले एज्युकेशन सोसायटीचं शेतीशाळेचं काम तिथं होतं आणि भोवताली पाडे. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या.

कोसबाडला नवीनच अडचण उभी राहिली. बालवाडी चालली, पण प्राथमिक शाळेत सहा-सात वर्षांच्या मुली येईनात. मुलगे तरी थोडेफार यायचे, मुली जवळपास नाहीतच. चौकशी केली तेव्हा कारण समोरच दिसलं. प्रत्येक मुलीच्या कडेवर एक भाऊ नाहीतर बहीण. आई मजुरीला गेली की घर आणि लेकरू या सहा वर्षांच्या बाईकडे. तिनं शाळेत यावं तर बाळ कुठं ठेवावं?

यावर सरकारी उत्तर काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पटावर नाव, हजेरीत गैरहजर, वर्षअखेरीस गळती. ताराबाईंनी शाळेचीच रचना बदलली. एकाच आवारात पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, त्याला लागून प्राथमिक शाळा. मुलीनं कडेवरचं बाळ पाळणाघरात द्यायचं, हाताला धरलेल्या भावाला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः पहिलीत जाऊन बसायचं. मधूनच जाऊन बाळाला बघून यायचं. याला विकासवाडी नाव दिलं. बालवाडीतली लेकरं शेजारच्या वर्गात डोकावत मोठी होतात आणि शाळेची भीती कधी बसतच नाही, हा फायदा वेगळाच.

मुलींचं झालं तर मुलांचं अडलं. आठ-दहा वर्षांची पोरं गुरं राखायला जायची. त्यांची मजुरी म्हणजे मालकाकडून मिळणारं धान्य नाहीतर थोडे पैसे, घराला त्याची गरज. गुरं सोडून शाळेत ये असं सांगणं म्हणजे उपाशी राहा असं सांगणं. मग शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली जमतायत, तिथंच शिकवणं चाललंय. ही कुरणशाळा. एखादं जनावर दुसऱ्याच्या शेतात घुसलं की वर्ग सोडून पळायचं आणि वळवून परत येऊन बसायचं. घंटा नाही, बाक नाही. पण त्या पोरांना झाडं, पाखरं, पावसाची चिन्हं याची जी माहिती असते ती मास्तरांनाही नसते, त्यामुळं शिकवणं दोन्हीकडून चालायचं. ज्यांना दिवसा कुरणातही जमत नव्हतं त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते.

वेळ, जागा, साधन, भाषा, शाळेची इमारत, एकेक करून सगळं त्यांनी पोराच्या सोयीनं हलवलं. आपल्या जिल्ह्यात पुढं वीटभट्टीवरच्या मजुरांच्या पोरांसाठी भोंगाशाळा निघाल्या, त्यांचं नातं या कुरणशाळेशी लावता येईल. दिवाळीनंतर आजही कित्येक पाडे रिकामे होतात, माणसं पोराबाळांसकट भट्टीवर जातात. ज्या पाड्यावर शाळा आहे तिथं पोरं नाहीत आणि जिथं पोरं आहेत तिथं शाळा नाही. ताराबाईंचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

त्यांच्या कामाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ज्या १९४५ सालात त्या बोर्डीला आल्या त्याच साली याच पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केलं होतं. जमीन सावकाराची, माणूस कर्जात, लग्नासाठी काढलेल्या पैशापायी नवराबायको दोघं गडी म्हणून राबतायत, अशी अवस्था. पोराला कुरणात का जावं लागतं याचं मूळ तिथं होतं. कुरणशाळेनं पोराला अक्षर दिलं, त्याच्या बापाला जमीन दिली नाही. ते काम दुसऱ्यांनी दुसऱ्या रस्त्यानं केलं, लाठ्या-गोळ्या खाल्ल्या. दोन्ही कामं एकमेकांच्या शेजारी चालली होती आणि दोन्हींची गरज होती, असं आज मागं वळून बघताना म्हणता येईल.

दुसरी मर्यादा जास्त अवघड आहे. ही पद्धत साधनांवर चालत नाही, बाईंच्या नजरेवर चालते. वीस पोरांकडं वीस तऱ्हेनं बघणारी बाई मिळाली तर शिंपल्यांतूनही शिक्षण होतं, आणि ती नसली तर हजारो रुपयांची खेळणी कपाटात धूळ खातात. ताराबाईंना हे माहीत होतं, म्हणूनच भावनगरपासून कोसबाडपर्यंत त्यांनी जिथं जिथं बालवाडी काढली तिथं तिथं शिक्षिका तयार करण्याचं कामही जोडीला ठेवलं. गावातल्याच बायकांना शिकवून बालसेविका करायचं. बाहेरून आलेली बाई बदली करून जाते, सून आणि लेक गावातच राहते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. वय ८१.

त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशातल्या ३३ गटांत पहिल्यांदा. त्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. योजना वाढत वाढत आज देशभरात लाखो अंगणवाड्या झाल्या. लसीकरण, पोषण आहार, वजनं, गरोदर बायकांची नोंद ही कामं मोठी आहेत आणि त्यांनी जीव वाचवले आहेत. पण एका सेविकेनं खिचडीचा हिशोब ठेवायचा, रजिस्टरं भरायची, मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये फोटो आणि आकडे टाकायचे, रेंज नसली तर टेकाडावर चढायचं, आणि यातून वेळ उरला तर पोरांना गाणं शिकवायचं. बोर्डीच्या अंगणात आधी गाणं होतं. नाव राहिलं आणि क्रम उलटा झाला. यात सेविकांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांच्या मानधनाकडे आणि कामाच्या यादीकडे एकदा बघितलं की कळतं.

दुसरीकडं तालुक्याच्या गावात इंग्रजी नर्सरीच्या पिवळ्या गाड्या फिरतात. तीन वर्षांच्या पोराला टाय बांधून बाकावर बसवतात आणि ए बी सी डी गिरवायला लावतात. गावाकडचे आईबाप पोटाला चिमटा घेऊन ती फी भरतात, कारण अंगणवाडीत काही शिकवत नाहीत असं त्यांना वाटतं. त्यातल्या काही शाळांच्या पाटीवर माँटेसरी असं मोठ्या अक्षरात लिहिलेलंही असतं.

कोसबाडचं काम ताराबाईंच्या नंतर थांबलं नाही. अनुताई टेकडीवरच राहिल्या. कोसबाडच्या अनुभवांवर त्यांनी लिहिलं, पाड्यापाड्यातून बायकांना गोळा केलं, १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी १९८२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, प्रा. रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था काढली आणि डहाणू तालुक्यातल्याच ऐने इथं नवं काम उभं राहिलं. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईही गेल्या. ४७ वर्षांपूर्वी त्या बोर्डीला आल्या होत्या ते ताराबाईंनी बोलावलं म्हणून.